वाट पाहताना आनंद कुठून आणायचा?

तुम्ही विचारलंय की लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, रोज प्रार्थना करते. आणि आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, चर्चमध्ये 'आनंदाने वाट पाहा' ऐकलं की रडू येतं. मग हा आनंद ओढूनताणून आणायचा का?

नाही ताई. रडू येत असेल तर देवापुढे रडाच. बायबलमधलं तेरावं स्तोत्र उघडून बघा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा आलाय. इतकं सरळ भांडण आपण नवऱ्याशीही करत नाही. आणि शेवटच्या वचनात तोच माणूस म्हणतो, मी परमेश्वराला गीत गाईन. मधल्या काळात त्याचं संकट टळलं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे तक्रार आणि गाणं एकाच प्रार्थनेत मावतात.

मी वसईच्या कोळीवाड्यातली. वाट पाहणं मी आजीकडून शिकले. मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबांची बोट ठरल्या दिवशी आली नाही. वारा सुटला होता. तेव्हा मोबाईल नव्हते, कळायचा काही मार्गच नव्हता. संध्याकाळी आळीतल्या क्रुसापुढे बायका माळ म्हणायला जमल्या. तिथून परत आल्यावर आजीने चूल पेटवली आणि पाण्याचा हंडा चढवला. म्हणाली, "गारठून येईल तो, आंघोळीला लागेल." पाणी तापलं, निवलं. तिने पुन्हा लाकडं सारली. रात्रभरात तीनदा तरी तिने ते पाणी तापवलं असेल. मधेच ती हलक्या आवाजात नाताळचं गाणं म्हणायची, मधेच पदराने डोळे पुसायची. मी चुलीशीच झोपले. पहाटे बाबा आले तेव्हा पाणी कढत होतं.

बाबा आले म्हणून मी हे सांगत नाहीये. आजीचा धाकटा दीर असाच गेला आणि परतला नाही, त्याही रात्री तिने पाणी तापवलं होतं. तिचा आनंद बोटीवर टांगलेला नव्हता. ज्याच्याशी ती बोलत होती तो ऐकतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हिब्रूत आशेला 'तिकवा' म्हणतात. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई आपला जीव वाचावा म्हणून खिडकीला किरमिजी दोर बांधते, त्या दोरालाही हाच शब्द आहे. हे कळलं तेव्हा मला एकदम घरचं वाटलं. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते. बाहेर पाऊस कोसळतो, आणि घराघरांत माणसं मांडीवर जाळं घेऊन त्याच्या दोराची फाटकी घरं शिवत बसतात. समुद्र दिसतो, पण जाता येत नाही. तरी ते दिवस कुणी फुकट गेले म्हणत नाही.

आता आगमनकाळाचं. तुम्हाला तो का बोचतो, ते मला समजतं. जिकडेतिकडे बाळ, पाळणा, गोठा. पण खरं तर हा काळ ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सगळ्यात जवळच्या रविवारी सुरू होतो, आणि १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर प्रभूच्या पुन्हा येण्यावर असतो. १७ तारखेपासून तो बेथलेहेमकडे, येशूच्या जन्माकडे वळतो. म्हणजे चर्च तुम्हाला बाळाची वाट पाहायला सांगत नाही, प्रभूची वाट पाहायला सांगतं. मुलाची इच्छा सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. बायबलमधली हन्ना मूल नाही म्हणून देवापुढे रडली, तिच्यासारखी ती बोलून दाखवा. डॉक्टरांकडेही जा, दोघंही जा. फक्त त्या एका इच्छेच्या उत्तरावर देवाचं प्रेम मोजू नका. आणि 'श्रद्धा कमी पडते' असं कुणी तुम्हाला म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका. ते चूक आहे.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावतात ना, त्या रविवारचं नावच 'आनंद करा' या संत पौलाच्या शब्दांवरून पडलंय. फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावातल्या ख्रिस्ती लोकांना, ते त्याने कैदेतून पत्रात लिहिलं. सुटका होणार की मरण येणार, हे त्याला माहीत नव्हतं.

माझीही एक वाट अजून संपलेली नाही. भावाची दारू सुटावी म्हणून मी अकरा वर्षं प्रार्थना करतेय. काही रात्री शब्द सुचत नाहीत, तेव्हा नुसती माळ हातात धरून बसते. नाताळला त्याचं ताट मांडते. दोनदा आला, बाकी वर्षं ताट तसंच उचललं. पण ते मांडताना हात जड होत नाही. हे कसं, ते मला नीट सांगता येणार नाही, पण ते खरं आहे.

तुम्ही रोज एक छोटं काम देवासाठी म्हणून करा. शेजारच्या आजारी बाईला पेज नेऊन द्या, किंवा कुणाच्या लेकराचा अभ्यास घ्या, पण तेवढं मन धजत असेल तरच. येत्या तिसऱ्या रविवारी मी मेणबत्ती लावताना तुमच्यासाठी मागेन. नाव माहीत नाही, पण 'सहा वर्षं वाट पाहणारी ती ताई' म्हटलं की त्याला कळेल.