खालचीच कवळी का हलते?

प्रश्न : वय ७१. दोन्ही कवळ्या वर्षापूर्वी केल्या. वरची घट्ट बसते, खालची बोलता बोलता उचलली जाते. डॉक्टरांनी दोनदा घासून दिली, तरी तेच. कवळी चुकली का? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

गुरुजी, चुकलीच असेल असं नाही. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरते. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली की ती सुटता सुटत नाही, तसा लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. खालच्या जबड्यात टाळू कुठून आणायचा? तिथे घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, मध्ये जीभ, बाजूला गाल, आणि दोन्ही सतत हलणारे. शिवाय दात गेले की त्यांना धरणारं हाड झिजू लागतं. खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. तुमचे दात कधी काढले ते तुम्ही लिहिलेलं नाही. वीस वर्षं झाली असतील, तर शेताचा बांध पावसाने सपाट व्हावा तशी तिथली हिरडी झाली असेल. अशा जागी निष्णात डॉक्टरची कवळीही थोडी तरंगतेच.

आता आणखी घासून घेऊ नका. घासल्याने टोचणं थांबतं, पकड येत नाही. 'रिलाइनिंग' करता येईल का ते विचारा. त्यात आजच्या हिरडीचं माप घेऊन कवळीला आतून नवा थर देतात. तोंड कोरडं पडतं का, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. बीपीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी लाळ आटते, आणि लाळ नसेल तर वरचीही धरत नाही.

थोडी मेहनत तुमचीही आहे. पुष्कळ लोक जीभ मागे ओढून बसतात, त्यामुळे खालची कवळी सुटते. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवायची सवय लावा. भाकरी पुढच्या दातांनी तोडू नका. हाताने लहान तुकडा करा आणि घास दोन्ही बाजूंना वाटून चावा. माझ्याकडे नवी कवळी बसवली की मी पेशंटला एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावते. 'सष्ट' नीट निघेपर्यंत कुणाला आठवडा लागतो, कुणाला महिना. तुम्ही तर जन्मभर पाढे म्हणून घेतलेत!

एवढं करूनही हललीच, तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, आणि त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी. ती काढता-घालता येते. २००२ साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाती खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय ठरवला होता. सगळे दात 'फिक्स' करण्यापेक्षा हा खर्च बराच कमी. कवळी चिकटवायची पावडर आणि पेस्ट लग्नाकार्याच्या दिवशी ठीक आहे. रोज लागत असेल तर मूळ दुखणं दुसरंच आहे.

प्रश्न : वय ३४. खालची एक दाढ काढली, शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत. एक डॉक्टर म्हणतात ब्रिज, आठवड्यात काम होईल. दुसरे म्हणतात इम्प्लांट, चार महिने लागतील. काय करू? (नोकरदार, ठाणे)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे : शेजारचे दात धडधाकट आहेत. ब्रिज करायचा, म्हणजे मधला खोटा दात शेजारच्यांच्या आधाराने बसवायचा, तर त्या दोन्ही दातांचं कवच घासून त्यांवर कॅप चढवावी लागते, आणि घासलेलं परत येत नाही. त्यांना आधीच कॅप असती किंवा मोठं फिलिंग असतं, तर मी ब्रिजच सुचवला असता.

इम्प्लांटचे चार महिने वाया जात नाहीत. त्या काळात हाड टायटॅनियमच्या स्क्रूला चिकटून भरतं. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला हे १९५२ मध्ये अपघातानेच कळलं : सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची वस्तू प्रयोग संपल्यावर निघेचना. पहिल्या माणसाला त्यांनी असे दात १९६५ मध्ये बसवले. ठरवण्याआधी मात्र स्कॅन करून घ्या. खालच्या दाढेखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यावर पुरेसं हाड हवं. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर आधी ती सुटू द्या.

आणि ब्रिजसोबत मिळणाऱ्या 'दहा वर्षं गॅरंटी'च्या कार्डाला भुलू नका. ती गॅरंटी कॅपची असते, कॅपखालच्या दाताची नाही.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, मधुमेह आहे. उरलेले नऊ दात हलतात, सगळे काढायचे आहेत. हाडांसाठी तिला वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन देतात. कवळी लगेच बसवता येईल का? (नाशिक)

कवळीचं नंतर पाहू. ते इंजेक्शन बहुधा झोलेड्रोनिक ॲसिडचं असेल. या औषधावर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं राहतं. धोका कमी असतो, पण दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख कळायलाच हवी. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी त्यांना बोलू द्या. तुम्ही परस्पर काही बंद करू नका. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, तीही करून न्या.

लगेचची कवळी मिळते. माप आधी घेऊन ठेवतात, दात काढले की त्याच बैठकीत बसवतात. तोंड रिकामं दिसत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पुढच्या काही महिन्यांत हिरडी आक्रसते, कवळी सैल होते, आणि रिलाइनिंगचा किंवा नव्या कवळीचा खर्च येतोच. तो आजच धरून चाला.

प्रश्न : कवळी उकळत्या पाण्यात टाकली तर जंतू मरतील ना? (वाई)

जंतू मरतील, कवळीही वाकडी होईल. साधं पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. टूथपेस्टने चरे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेला टब ठेवा, हातून निसटली तरी फुटणार नाही. रात्री काढून पाण्यात ठेवा. हिरडीलाही झोप लागते.

प्रश्न : बाजारात एकाने अर्ध्या तासात दोन 'फिक्स' दात बसवून दिले. स्वस्तात झालं. आता शेजारचा दात दुखतो आणि वास येतो. (परभणी)

कच्च्या प्लास्टिकचा लगदा शेजारच्या दातांभोवती थापून दात चिकटवतात, तो हाच प्रकार. त्याखाली ब्रश जात नाही. अन्न अडकतं, हिरडी सुजते, आणि चांगले दातही हलू लागतात. स्वतः ओढून काढू नका, चांगला दातही सोबत येईल. जवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात जा. तिथे ते कापून काढतील आणि दोन दातांची साधी, काढता-घालता येणारी कवळी कमी पैशांत करून देतील. ती झोपताना मात्र आठवणीने काढा. एवढीशी कवळी झोपेत गिळली जाऊ शकते.