वाचकांचे प्रश्न : अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप बसवताना

प्रश्न : माझ्याकडे स्टीलच्या तारांची, अस्सल लाकडी फळ्यांची अकूस्टिक गिटार आहे. आतापर्यंत मी माइकसमोर बसून वाजवत असे. पण इतर वाद्यांच्या साथीत ती ऐकू येत नाही. सॅडलखाली (तारा ज्यावर टेकतात त्या लहान तुकड्याखाली) बसणारा, तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा पिझो पिकअप आणि तो सिग्नल वाढवणारा, गिटारच्या बाजूला खिडकी कापून बसवण्याचा प्रीॲम्प असा संच घ्यावा असे वाटते. हे काम घरी करता येईल का? आणि पिकअप थेट मिक्सरला जोडला तर प्रीॲम्पशिवाय भागणार नाही का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पुढची खरेदी ठरते. पिझो पदार्थावर दाब पडला की त्यात विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. सॅडलखालच्या पट्टीत हेच घडते. मात्र ही पट्टी विजेच्या दृष्टीने विद्युतभार साठवणाऱ्या एका लहानशा कपॅसिटरसारखी वागते. तिची धारकता १००० पिकोफॅरड धरली आणि ती मिक्सरच्या १० किलोओम रोधाच्या लाइन इनपुटला जोडली, तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचा सारा आवाज घटू लागतो, म्हणजे जवळजवळ संपूर्ण संगीतच! गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते. इनपुट १ मेगाओमचे असेल तर ही मर्यादा १६० हर्ट्झवर येते आणि १० मेगाओमचे असेल तर १६ हर्ट्झवर. प्रीॲम्पचे इनपुट असे मोठ्या रोधाचे असते. थेट जोडलेला पिझो पत्र्यासारखा पातळ वाजतो तो या गणितामुळे, पिकअप वाईट असतो म्हणून नव्हे. शिवाय पिकअप आणि प्रीॲम्प यांच्यामधली केबल जितकी लांब, तितकी सिग्नलची पातळी खाली येते. म्हणून प्रीॲम्प गिटारच्या आतच असलेला बरा. थोडक्यात, प्रीॲम्प हवाच. बाजूला खिडकी कापण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

गिटारची बाजूची फळी दोन-अडीच मिलिमीटर जाडीची आणि वाफ व उष्णता देऊन वाकवलेली असते. तिच्यात आयताकृती खिडकी कापताना कोपऱ्यापासून लाकडाच्या रेषेत चीर जाण्याचा धोका असतो. त्याहून मोठी अडचण काही वर्षांनी येते. प्रीॲम्प बिघडतो, त्याच आकाराचा दुसरा मिळत नाही आणि गिटारला कायमचे भगदाड राहते. साउंडहोलच्या (गिटारच्या पुढच्या गोल भोकाच्या) कडेला आतून चिकटणारे, आवाज आणि टोनची छोटी चक्रे असलेले प्रीॲम्प मिळतात. त्यांत इक्वलायझरच्या (उंच-खालचे सूर कमीजास्त करण्याच्या) पट्ट्या कमी असतात हे खरे. पण ते काम मिक्सरवर करता येते.

आता घरी काम करण्याविषयी. हाताला सुतारकामाची सवय असेल तर जरूर करा. मात्र सर्वाधिक वेळ सॅडलची खाच आणि सॅडलचा तळ यांवर खर्च करा. बारीक तारांच्या हलक्या संचातील सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, आणि त्यातून सॅडलवर येणारा दाब पिकअपवर सर्वत्र सारखा पोहोचावा लागतो. खाचेचा तळ सपाट नसेल, तर महागडा पिकअपही एखाद्या तारेचा आवाज दाबून टाकतो. काचेच्या तुकड्यावर सँडपेपर चिकटवा, सॅडलच्या तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढा आणि तळ सरळ धरून घासा. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या, तर तळ सपाट झाला असे समजावे. पिकअपची जी जाडी असेल तितकेच सॅडल तळातून कमी करायचे. ते केले नाही, तर सॅडल जितके उचलले जाईल त्याच्या साधारण निम्म्याने तारांची उंची बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) वाढते आणि वाजवणे जड होते. सॅडल बोटांनी सहज वरखाली सरकावे, पण डुलू नये. घट्ट बसलेले सॅडल दाब खाचेच्या भिंतींवरच अडवते, तर सैल सॅडल तारांच्या ओढीने पुढे झुकते.

वायरसाठी खाचेच्या टोकाला पाडायचे भोक उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच असू द्या. ड्रिल लावण्यापूर्वी आरसा आणि दिवा घेऊन आतील ब्रेस (फळीला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) कुठून जातात ते पाहा, आणि ब्रिजखालच्या (तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याखालच्या) फळीला आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरा, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना ढलपी निघणार नाही. भोक किंचित तिरके घ्या. वायर काटकोनात मोडली तर तिथेच तुटते.

जॅकसाठी, म्हणजे केबल खुपसायच्या खोबणीसाठी, गिटारच्या बुडाला गळ्यातला पट्टा अडकवायच्या खुंटीचे भोक साधारण १२ मिलिमीटरपर्यंत वाढवावे लागते. इथे साधे ड्रिल वापरू नका, निमुळता रीमर (भोक हळूहळू मोठे करणारे हत्यार) हाताने फिरवा. माझ्या पहिल्या गिटारचे पॉलिश ड्रिलने असे काही उडाले, की तो डाग अजून तसाच आहे. बहुतेक संचांत केबल खुपसताच बॅटरीचे मंडल जॅकमधून पूर्ण होते, म्हणून वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी. नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर निष्कारण झिजत राहते.

प्रश्न : पिकअप बसवून घेतला, पण पहिली तार इतरांपेक्षा फारच दबलेली ऐकू येते. त्या तारेखाली कागदाची घडी सारू का?

उत्तर : कागद सारल्याने शेजारच्या तारेखालचा दाब कमी होतो आणि दोष फक्त जागा बदलतो. तारा सैल करून सॅडल काढा. खाचेत भुसा किंवा गोंदाचा थेंब राहिला आहे का, पिकअपचा सक्रिय भाग सहाही तारांखाली पोहोचतो का, आणि सॅडलचे ते टोक खाचेच्या भिंतीत अडकते का, हे पाहा. हे सारे ठीक असूनही फरक पडला नाही, तर सॅडल प्रमाणाबाहेर घासले गेले असावे. तार सॅडलवरून पुरेशा कोनात खाली वळली नाही, तर दाबच तयार होत नाही. अशा वेळी नवे, उंच सॅडल घडवून घ्यावे.

प्रश्न : नायलॉनच्या तारांच्या गिटारला साउंडहोलमध्ये अडकवायचा चुंबकीय पिकअप चालेल का?

उत्तर : नाही. चुंबकीय पिकअपला लोहयुक्त तार हलावी लागते. ब्राँझ गुंडाळलेल्या तारेच्या गाभ्यात पोलाद असते म्हणून तिथे तो चालतो. नायलॉन त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. आपल्यासाठी सॅडलखालचा पिझो किंवा ब्रिजच्या फळीला आतून चिकटणाऱ्या चकत्या योग्य ठरतील. चकत्यांसाठी लाकूड कोरावे लागत नाही आणि त्यांचा आवाज अधिक मोकळा असतो; मात्र मोठ्या आवाजात त्या लवकर शिट्टी मारू लागतात.