वस्तरा हाती धरण्याआधी

(वाचकांचे प्रश्न, गावच्या केशकारागिराची उत्तरं)

प्रश्न : मी २४ वर्षांचा, कपाशी-तुरीची शेती करतो. अकोल्यात जुन्या सामानाच्या दुकानात एक वस्तरा मिळाला. पात्याच्या बुडाशी 'सोलिंगेन' कोरलेलं आहे. व्हिडिओ पाहून दाढी करायला गेलो तर केस ओढले जातात, गाल चुरचुरतो आणि साबणाला फेसही धरत नाही. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं. बाबा म्हणतात, गळा कापून घेशील, ठेवून दे. ठेवून देऊ की शिकू?
— एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : शिका, भाऊ. गळ्यावर वस्तरा फिरवायला मात्र अजून बराच अवकाश आहे, तेवढं बाबांना सांगा म्हणजे त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

आर्वीकडच्या एका बाजाराच्या गावात आमचं दुकान आहे. आजोबा धोकटी घेऊन घरोघरी जायचे, सुगीला ज्वारीचं बलुतं घ्यायचे. वडिलांनी खुर्ची टाकली. मी तुमच्यासारख्या, दगडावर धार लावायच्या वस्तऱ्यावरच शिकलो, आता दुकानात ब्लेड बदलायचा वापरतो. त्याचं कारण शेवटच्या उत्तरात आहे. स्वतःची दाढी अजून धारेच्याच वस्तऱ्यानं करतो.

तुमचा वस्तरा केस ओढतो, कारण त्याला धार नाही. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्या-वस्तऱ्यांचं शहर, पोलाद चांगलं असणार. पण जुन्या सामानातून आलेला वस्तरा तसाच दाढीला चालत नाही. पातं उजेडात धरून धारेकडे बघा. ऐन धारेवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर त्यावर पैसे घालू नका. खड्डे पाठीकडे असतील तर काही बिघडत नाही. मग पातं सपाट काचेवर आडवं ठेवा. डुगडुगलं तर ते वाकलेलं आहे.

गावात चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. विळा, कात्री खुशाल द्या. वस्तऱ्याची धार इतकी पातळ की चाकावर तापते आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. तिथे निळसर झाक आली की ते पातं गेलं. वस्तऱ्याला धार पाण्याच्या दगडावर, हातानं लावायची. आधी १००० नंबरचा दगड, मग ४००० च्या आसपासचा, मग ८००० चा; नंबर वाढतो तसा दगड बारीक. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून, अलगद. पाठ टेकलेली असते म्हणून कोन आपोआप सांभाळला जातो, वस्तऱ्याची घडणच तशी असते. पहिल्या वेळी हे काम जाणत्या हाताकडून करून घ्या. तालुक्याच्या बाजारात जुना कारागीर सापडला तर त्याच्यासमोर बसून बघा, मजुरी द्या आणि विचारा. आमच्या लोकांना कुणी असं विचारलं की फार बरं वाटतं.

पट्ट्यावर फिरवून धार सरळ करणं मात्र तुम्हालाच शिकावं लागेल, ते रोजचं आहे. दोन-अडीच इंच रुंद, गुळगुळीत चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दुसऱ्या हातानं ताणून धरा. पट्टा सैल राहिला की धार गोल होते. इथली चाल दगडाच्या उलटी : पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचलात की पातं पाठीवर पलटवा. धारेवरून पलटवलं तर पट्टा चिरतो आणि धारही बोथट होते. दाढीआधी ३०-४० फेऱ्या पुरेत. वेगाची हौस नको. सिनेमात न्हावी सपासप पट्टा मारताना दाखवतात, तो वेग हाताला वळण लागल्यावर आपोआप येतो.

आता पाणी. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अशा पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा साका धरतो, फेस होत नाही, आणि फेस नसला की वस्तरा कोरड्या कातडीवर घासतो. दाढीपुरतं एक तांब्याभर पाणी वेगळं ठेवा : पावसाचं साठवलेलं किंवा आरओच्या कॅनचं. चेहरा धुऊन गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं दाढीवर धरा. भिजलेला केस मऊ होतो, कापायला कितीतरी कमी जोर लागतो. मग ब्रश गोल फिरवत फेस उभा करा, दह्यावरच्या सायीइतका घट्ट. बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. मला कुणी विचारलं की दाढीतलं खरं काम कोणतं, तर मी भिजवणं आणि पट्टा ही दोनच सांगतो. शिकाऊ माणसाला वस्तरा चालवायची घाई असते आणि ही दोन्ही तो उरकून टाकतो.

वडिलांनी मला आधी तांब्याच्या घागरीवर फेस लावून बोथट वस्तऱ्यानं काढायला लावला, मग फुग्यावर. फुग्याचं तुम्हीही करा. ते एकच वाक्य सारखं म्हणायचे : "दाबू नोको रे, त्याले त्याच्या वजनानं जाऊ दे." केस कापला जात नसेल तर धार कमी आहे किंवा केस भिजला नाही. जोर देणं हा त्यावरचा उपाय कधीच नाही.

धरायचं असं : अंगठा खालून, तीन बोटं पात्याच्या मागच्या पोलादी दांड्यावर (मुठीवर नव्हे), करंगळी दांड्याच्या शेपटीवर. पातं गालावर सपाट ठेवा आणि पाठीच्या जाडीच्या दुपटीइतकी पाठ उचला. साधारण ३० अंशांचा कोन होतो. दुसऱ्या हातानं कातडी ताणा. कल्ल्यापासून खाली, केसांच्या रोखानं, इंच-दीड इंचाचे हात. पातं आडवं कधीही सरकवू नका, कापतं ते तिथेच. वस्तऱ्याचं टोक चौकोनी असेल तर त्या टोकावर जास्त नजर ठेवा. गोल टोक नवशिक्याला बरं.

पहिले काही आठवडे फक्त दोन्ही गाल वस्तऱ्यानं करा, बाकी दाढी नेहमीच्या रेझरनं. हाताला विश्वास आला की जबडा, मग गळा. हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यांत शेवटी, कारण तिथे वळणं आहेत आणि केसही राठ. कंठमण्यावर सरळ पातं नेऊ नका, कातडी बाजूला ओढून घ्या. उलटी दाढी सध्या विसरा. कुरळ्या केसाची उलटी केली की तो आत वळतो आणि फोड येतो. पुटकुळ्या किंवा चामखीळ असेल त्या जागी वस्तरा नको, चामखीळ पसरते. बारीक चीर पडली तर ओली तुरटी धरा. खोल गेलं तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

दाढी झाली की पातं गोड्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसा. खाऱ्या पाण्याचा थेंब राहिला तर सकाळपर्यंत गंजाचा डाग दिसेल. वरून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा. घरात जवसाचं तेल असेल, पण ते लावू नका. ते वाळून चिकट थर धरतं.

तुम्ही शेतकरी म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. फवारणीच्या दिवशी आधी दाढी करू नका, आदल्या रात्रीही नको. ताज्या दाढीत डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि औषध कातडीतून अंगात जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली. दाढी दोन दिवस वाढली तर वाढू द्या.

प्रश्न : ह्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. गावातले न्हावीदादा घरी येऊन दाढी करायचे, ते आता थकले. मी वस्तरा शिकून घेऊ का?
— एक वाचक भगिनी, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : वहिनी, वस्तरा नको. त्यांची मान अचानक हलू शकते, बधिर बाजूला चीर पडली तर त्यांना कळणारही नाही, आणि अशा आजारात बऱ्याचदा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. बॅटरीचा ट्रिमर घ्या. खुंट राहतील, राहू द्या. तुळतुळीत हवी असेल तेव्हा साधा रेझर, नवा ब्लेड, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

त्यांना उशा लावून बसतं करा, गळ्याशी टॉवेल. गरम फडकं आधी तुमच्या मनगटावर लावून बघा, बधिर गालाला चटका कळत नाही. उजवा गाल त्यांना फुगवता येणार नाही, तो तुम्ही बोटांनी कानाकडे ताणा. ओठांच्या त्या कोपऱ्याशी फेस अगदी थोडा, तोंडात जाता कामा नये. काय करताय ते बोलत राहा. शेवटी आरसा त्यांच्या चांगल्या हातात द्या. आणि जमलं तर महिन्यातून एकदा दुसऱ्या कारागिराला घरी बोलवा. आजारी माणसाची दाढी करायला जातो तेव्हा मी बघतो, पावसाचं, पिकाचं, गावातल्या लग्नांचं ऐकायला ते किती आसुसलेले असतात.

प्रश्न : दुकानात 'नवा ब्लेड टाका' म्हटलं तर कारागिराला राग येतो का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : येऊ नये, आणि आला तरी तुम्ही म्हणा. धारेचा वस्तरा आम्ही दुकानातून काढला तो याचसाठी. एकच पातं दहा गालांवर फिरायचं. हिपॅटायटीस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही लागतो. नुसतं पाण्यात खळबळून किंवा तुरटी फिरवून तो जात नाही. ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून काढून, मोडून, अर्धा वस्तऱ्यात घातलेला दिसला पाहिजे. तुरटीचा खडाही सगळ्यांच्या गालावर तोच फिरत असेल तर नको म्हणा, घरी जाऊन स्वतःची लावा. वापरलेली पाती आम्ही झाकणाच्या डब्यात जमा करतो. घरीही तसंच करा, उकिरड्यावर टाकू नका. तिथे गुरं तोंड घालतात.