संगीतक्षेत्राची बाजू शासनदरबारी मांडण्याचे काम नागपुरात राहून करता येईल का?

कायद्याची पदवी आणि तबल्याची तालीम एवढ्या शिदोरीवर हे काम पोटापाण्यासाठी करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी ते करतो, म्हणून सांगतो की करता येते; मात्र त्यावर घर चालायला काही वर्षे लागतात आणि तोवर वकिली सोडू नये.

या कामात वक्तृत्वापेक्षा कोणते गाऱ्हाणे कोणाच्या टेबलावर जाते, हे ओळखण्याला अधिक किंमत आहे. सुरुवातीला काही संगीतकारांच्या रॉयल्टीचे निवेदन घेऊन मी राज्याच्या सांस्कृतिक खात्याचे उंबरठे वर्षभर झिजवले. कॉपीराइट हा केंद्राचा विषय असून २०१६ पासून तो वाणिज्य मंत्रालयाकडे आहे, हे मी आधी तपासलेच नव्हते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना, हक्क निर्मात्याला दिल्यानंतरही, सिनेमागृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीत समान वाटा मिळाला. त्यासाठी तेव्हा राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी केलेला आग्रह सर्वश्रुत आहे. ती सारी लढाई दिल्लीतली होती.

ध्वनिवर्धकाचे प्रकरण निराळे. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम केंद्राचे असले तरी, उघड्यावर रात्री १० नंतर असलेली बंदी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याचा अधिकार राज्याला आहे. त्या दिवसांत आपल्या महोत्सवाची तारीख यावी असे वाटत असेल, तर निवेदन दिवस ठरण्यापूर्वीच गेले पाहिजे. मंडप उभा राहिल्यावर केलेल्या धावपळीचा उपयोग होत नाही.

विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यावे असे ठरवणाऱ्या नागपूर कराराच्या कृपेने हिवाळी अधिवेशनात सरकारच आपल्या दारी येते. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात (मीही तिथे फलक धरून उभा राहिलो आहे), परंतु नेमका नियम क्रमांक आणि नेमकी मागणी लिहिलेले एक पान आमदारांच्या स्वीय सहायकाकडे वेळेत पोहोचले, तर त्याचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, होण्याची शक्यता असते. निवेदनाची पोच आवक क्रमांकासह घ्यावी, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावरच चालतो.

उत्पन्न म्हणाल तर कलासंस्था मासिक मानधन देतात, पण ते वेळेवर मिळतेच असे नाही. मसुदे लिहिण्याचे शुल्क मात्र मी आता आगाऊच घेतो.