किड्यांच्या डीएनएवरून व्हाळाचं प्रदूषण खरंच कळतं का?

तुमचा प्रश्न असा, की व्हाळाच्या पाण्याचा रिपोर्ट दरवेळी 'ठीक' येतो, तरी मधेच मासे मरून वर येतात. किड्यांच्या डीएनएवरून प्रदूषण ओळखतात ते खरं का, आणि गावाला ते जमेल का?

खरं आहे, पण अर्धं काम डीएनएशिवायच होतं. मी चिपळूणकडचा. तुमचा व्हाळ तो आमचा पऱ्या, म्हणजे ओढाच. कॉलेजच्या पोरांना घेऊन काही वर्षं पऱ्यातले दगड उलटतोय, त्यातून सांगतो.

बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. रात्री कोणी टँकर रिकामा केला आणि तुम्ही सकाळी दहाला बाटली भरलीत, तर ते पाणी कधीच खाडीला लागलेलं असतं. आपल्या नद्या आहेतच केवढ्याशा! किडे मात्र तिथेच राहतात. मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याचं पिल्लू कित्येक आठवडे पाण्यात दगडांखाली काढतं. दगड उलटा करा. पोटाच्या बाजूंना कल्ले फडफडवत, बहुधा तीन शेपट्यांचं एखादं चपटं पिल्लू सरसर आडोशाला पळालं, तर पाण्यात ऑक्सिजन बरा आहे. कॅडिस या दुसऱ्या किड्याची अळी वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधते. जांभ्याच्या पऱ्यात ते तांबूस दिसतं. ही दोन्ही गायब आणि गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळताहेत, तर मामला बिघडलाय. त्या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असला तरी त्या तगतात.

मग डीएनए कशाला? कारण ही पिल्लं एकमेकांसारखी दिसतात. दोन अळ्या भिंगाखाली जुळ्या वाटतात. एक घाण सोसणारी, दुसरी न सोसणारी. सीओआय नावाच्या जनुकाचा डीएनएच्या साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचला की जाती वेगळ्या काढता येतात. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही, दुकानातल्या मालासारखी जात ओळखायची, बारकोडची कल्पना मांडली. आपल्याकडच्या बऱ्याच पाणकिड्यांची नावं अजून या बारकोडांच्या संग्रहात सापडत नाहीत, पण जिथे घाण येते असा संशय आहे तिच्या वरच्या आणि खालच्या जागेची तुलना करायला नाव लागतंच असं नाही.

मला यातली खरी गंमत वाटते ती एकाच जातीच्या आतल्या वैविध्याची. विषारी पाणी येऊन गेलं, मूठभर किडे वाचले, त्यांचीच पुढे पैदास झाली. वर्षभराने मोजाल तर संख्या पूर्वीइतकीच! पण डीएनए वाचला तर जिथे दहा तऱ्हा होत्या तिथे दोन-तीनच उरलेल्या दिसतात. शेजारच्या पऱ्यातून उडून कोणी आलं तरच ती तूट भरते.

मात्र अशी तूट पऱ्या आटल्यानेही पडते. म्हणून जवळचा, तसाच आटणारा पण स्वच्छ पऱ्या जोडीला तपासायचा. भरतीचं पाणी चढतं तिथे हे किडे शोधू नका, खारात ते बहुतेक नसतातच. आमच्या वाशिष्ठी नदीत तर कोयनेच्या वीजघरांचं पाणी येतं आणि प्रवाह वर-खाली होतो. तिथे किडे कमी दिसले म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही.

गोळा करायचं ते दिवाळीनंतर, पुराने धुऊन नेलेले किडे पुन्हा स्थिरावल्यावर. आणि किडे टिकवायला फॉर्मलिन नको! पहिल्या वर्षी मी सगळे किडे त्यात बुडवले, प्रयोगशाळेत त्यातून धड काही वाचताच आलं नाही. ९५ टक्के अल्कोहोल घ्या, दुसऱ्या दिवशी बदला, कारण किड्याच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. डीएनए वाचून घ्यायला विद्यापीठ किंवा एखादी प्रयोगशाळा गाठावी लागेल.

यातून कोणतं रसायन आणि कोणी सोडलं हे कळत नाही. कोर्टात चालणारा नमुना १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण मंडळाच्या माणसानेच रीतसर घ्यावा लागतो. पण तो कुठे आणि कधी घ्यायला लावायचा, हे किडे सांगतात.

तुमचा व्हाळ खाडीला कुठे मिळतो आणि मासे कोणत्या महिन्यात मरतात ते लिहा. म्हणजे वरची जागा कुठली धरायची ते सांगतो.