क्लबफूट: प्लास्टर की ऑपरेशन?

राजापूरच्या ताईंचं बाळ तीन आठवड्यांचं आहे, दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले, म्हणजे क्लबफूट. डॉक्टर म्हणतात लगेच प्लास्टर सुरू करा, घरचे म्हणतात वर्षाचं होऊ दे, मग एकदाच ऑपरेशन करून मोकळे होऊ. माझ्या मुलीचे पाय असेच होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

ताई, थांबू नका. मोठ्या ऑपरेशनमध्ये घोट्याचे सांधे आणि स्नायुबंध कापून मोकळे करतात. पाय तेव्हा सरळ दिसतो, पण आत व्रण धरतो आणि वय वाढेल तसा ताठरतो, दुखतो. आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटींनी अशा रुग्णांची पुढची अवस्था पाहिली आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टरची पद्धत बसवली. आज जगभर पहिला उपचार तोच आहे.

दर आठवड्याला डॉक्टर पाय हाताने थोडा वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. तान्ह्या बाळाचे स्नायुबंध लवचीक असतात, ते ताणले जातात. साधारण ५ ते ७ प्लास्टरांत पाय बाहेरच्या बाजूला वळतो. टाच मात्र वर ओढलेलीच राहते, म्हणून बहुतेकांची टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) कापावी लागते. घाबरू नका, इवलासा छेद असतो. नंतर ३ आठवडे प्लास्टर, तेवढ्यात शीर लांब होऊन जुळते.

घरी बोटांवर लक्ष ठेवा. अंगठा दाबून सोडला की पांढरा पडून पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. बोटं निळी पडली, सुजली किंवा प्लास्टर घसरून आत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. पावसात एसटीने जाताना पायांवर प्लास्टिक गुंडाळा, पण घरी आल्याबरोबर काढा, आत घाम धरतो.

खरी कसोटी पुढे, बुटांची. दोन बूट एका पट्टीला जोडलेले असतात. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, मग बाळ साधारण ४ वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. सरळ झालेला पाय पुन्हा वळतो तो बहुतेक वेळा बूट सोडल्यामुळेच. आजी म्हणेल, 'पोर रडतंय, आजची रात्र राहू दे.' तिथे कठोर व्हा. आमच्याकडे पावसाळ्यात मोजे वाळत नसत, ओले मोजे घातले की टाच सोलायची. जास्तीचे जोड ठेवा.

ऑपरेशन अगदीच बाद नाही. पाय पुन्हा वळला तर आधी परत प्लास्टर, आणि काही मुलांत अडीच-तीन वर्षांनंतर पायाची एक शीर दुसऱ्या जागी बसवतात. ते वेगळं ऑपरेशन, सांधे त्यात उघडत नाहीत.

आणि ग्रहणात विळीवर काही चिरलंस का, असं कुणी विचारलं तर मनाला लावून घेऊ नका. हजारात साधारण एका बाळाला हे होतं, आईने काही केलं म्हणून नाही. खर्चाची चिंता असेल तर रत्नागिरीच्या सिव्हिलला विचारा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे. उपचार पोन्सेटी पद्धतीनेच होणार ना आणि बूट कुठून मिळणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.