हरल्यावर लगेच दुसरा डाव का मांडू नये? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून शाळेत गणित शिकवतो. लहानपणी आजोबांकडून बुद्धिबळ शिकलो. गावात मला हरवू शकणारे फारसे कोणी नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवर लिचेस या संकेतस्थळावर खाते उघडले. सुरुवातीला नावापुढे १५०० गुण दिसत होते, ते पंधरा दिवसांत ९८०वर आले आणि आता ९००च्या आसपास अडकले आहेत. रात्री जेवणानंतर एक डाव खेळायला बसतो, हरलो की गेलेले गुण भरून काढण्यासाठी दुसरा, मग तिसरा, असे करता करता एक वाजतो. झोप लागत नाही, सकाळी घरच्यांवर चिडचिड होते. माझ्या वयाला हा खेळ जमणार नाही, असे समजून सोडून द्यावा का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : खेळ सोडू नका. मात्र रात्रीची ती रांग आजपासून बंद करा. त्यामागचे कारण तुम्ही गणिताचे शिक्षक असल्यामुळे आकड्यांतूनच सांगतो.

पहिली गोष्ट, ते १५०० गुण तुमचे नव्हतेच. लिचेसवर प्रत्येक नव्या खात्याला सुरुवातीला १५०० हाच आकडा मिळतो. मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली ग्लिको-२ ही पद्धत तिथे वापरली जाते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारलेल्या अर्पाद एलो यांच्या पद्धतीपेक्षा ती एका बाबतीत वेगळी आहे : खेळाडूच्या गुणांसोबतच त्या गुणांवर किती विसंबता येईल याचेही माप ती ठेवते. नव्या खेळाडूबद्दल काहीच माहिती नसल्यामुळे पहिल्या काही डावांत आकडा मोठ्या उड्या मारतो आणि तोवर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते. तुम्ही ५२० गुण गमावले असे तुम्हाला वाटते आहे, पण त्या पंधरवड्यात तुमची जागा शोधण्याचे काम चालले होते. ९०० हा तुमच्याविषयीचा पहिला खरा आकडा आहे आणि मोजणी तिथून सुरू करायची. दुसऱ्या संकेतस्थळावरच्या मित्राच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका, कारण प्रत्येक ठिकाणचा खेळाडूंचा समूह वेगळा असल्यामुळे मापेही वेगळी असतात.

गावातल्या विजयांचाही विचार करावा लागेल. आपल्या दहा-पंधरा जणांच्या वर्तुळात सगळे एकमेकांकडूनच शिकलेले असतात, त्यामुळे सर्वांच्या चुका सारख्या असतात आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. शिवाय तुमच्या आजोबांनी देशी पद्धतीने शिकवले असेल, तर काही नियमच निराळे आहेत. त्या पद्धतीत प्यादे सुरुवातीलाही एकच घर चालते, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे दोन घरे पुढे आलेले प्यादे जाता जाता मारण्याचा नियम तिथे उद्भवतच नाही. मोबाइलवर तो प्रथम पाहणाऱ्याला संगणकाने आपले प्यादे बेकायदा उचलले असे वाटते. माझ्याकडे शिकायला आलेल्या अनेक प्रौढांचा पहिला संताप नेमका याच नियमावर झाला आहे. पंजाबचे मीर सुलतान खान हेही देशी नियमांवर वाढलेले खेळाडू होते. आंतरराष्ट्रीय नियम त्यांनी नंतर आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. त्यांची प्रतिभा असामान्य होती हे खरे. तरी घरी झालेली तयारी वाया जात नाही, तिला नव्या नियमांची जोड द्यावी लागते, एवढे त्यांच्या उदाहरणावरून नक्की म्हणता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संकेतस्थळ तुमची गाठ शक्यतो तुमच्याइतक्याच गुणांच्या खेळाडूशी घालून देते. याचा अर्थ असा, की बरोबरीत सुटलेले डाव सोडले तर तुम्ही साधारण निम्मे डाव हरणार आहात, आणि हे प्रमाण तुमचा खेळ सुधारल्यावरही फारसे बदलणार नाही. सहा महिन्यांनी तुम्ही १२००वर पोहोचलात, तर समोर १२००चे खेळाडू येतील आणि तेव्हाही निम्मे डाव जातीलच. घरच्या पटावर प्रगती म्हणजे जास्त विजय. इथे प्रगती म्हणजे तेवढेच पराभव, पण अधिक चांगल्या खेळाडूंकडून. हे समजून न घेतल्यामुळे, माझ्या अनुभवात, पुष्कळ लोक खेळ सोडतात. आपण शिकतो आहोत तरी हरतोच आहोत, म्हणजे आपण मठ्ठ आहोत, असा चुकीचा निष्कर्ष ते काढतात.

सलग पराभवांचेही तसेच आहे. प्रत्येक डावात जिंकण्याची आणि हरण्याची शक्यता समान धरली, तर शंभर डावांत कुठे तरी सलग पाच किंवा अधिक पराभव येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के निघते. नाणे शंभर वेळा उडवण्याचाच हा हिशेब आहे; वर्गातल्या मुलांकडून करून घेता येईल. गुण स्थिरावल्यावर तुल्यबळ खेळाडूकडून हरल्यास साधारण सात-आठ गुण जातात, म्हणजे खेळात काहीही बिघाड झालेला नसताना तुमचा आकडा अधूनमधून चाळीस गुणांनी खाली येणार. त्या पाच पराभवांत तुमच्याविषयी कोणतीही बातमी नसते.

बातमी सहाव्या डावापासून सुरू होते. चिडलेल्या मनाने लागोपाठ खेळत राहण्याला बुद्धिबळपटू ‘टिल्ट’ म्हणतात. त्या अवस्थेत मनुष्य वेगाने खेळतो, समोरच्याच्या खेळीकडे न पाहता आपलाच बेत पुढे रेटतो, आणि हरवलेले गुण दिसत राहिल्यामुळे साधी बरोबरीही त्याला नको असते. पाच डाव नशिबाने गेलेले असतात. सहावा, सातवा आणि आठवा मात्र आपण स्वतः देऊन टाकतो. मी एका रात्री असे अकरा डाव हरलो होतो. दुसऱ्या दिवशी ते शांतपणे पाहिले, तेव्हा शेवटच्या पाच डावांपैकी तीनमध्ये माझा वजीर एकाच खेळीत मारला जात होता आणि मी तिकडे पाहिलेच नव्हते.

म्हणून नियम असा करा, की लागोपाठ दोन डाव हरल्यावर त्या दिवशी तिसरा मांडायचा नाही. दोन डावांच्या मध्येही एक काम ठेवा. डाव संपल्यावर संगणकाचे विश्लेषण लगेच उघडू नका. आधी खेळ्या एकेक करून स्वतः पुढे न्या, डाव कुठे फिरला ते शोधा आणि वहीत एकच ओळ लिहा : ‘चौदाव्या खेळीला घोडा पुढे नेला, त्याच्या मागचा हत्ती उघडा पडला’, एवढी साधी. त्यानंतर संगणकाला विचारा. तो दहा चुका दाखवेल, पण तुमच्या उपयोगाची बहुधा एकच असेल, आणि ती स्वतः शोधल्यामुळे लक्षात राहील. हे काम करताना पराभवाचा राग कुठे तरी टेकतो. डोके शांत ठेवा, असे नुसते सांगून कोणाचे डोके शांत झालेले मी पाहिलेले नाही. हाताला आणि नजरेला काम दिले की ते आपोआप होते.

तीस डाव झाल्यावर ती वही वाचा. नऊशेच्या आसपासच्या खेळाडूच्या वहीत बहुतेक ओळी दोन-तीन प्रकारच्याच असतात : आधार नसलेला मोहरा फुकट गेला, घोड्याने एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला केला, किंवा आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेल्या राजाला शेवटच्या ओळीत मात झाली. आपण हजार प्रकारे चुकतो ही भावना माणसाला हताश करते. आपण तीन प्रकारे चुकतो हे कळले की काय सुधारायचे ते दिसते. खेळण्यासाठी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीला दहा सेकंदांची वाढ असा वेळ निवडा. तीन मिनिटांच्या डावात शिकणाऱ्याला फक्त जुन्या सवयी पक्क्या करायला सवड मिळते.

वयाबद्दल. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवल्यावर निष्णात खेळाडूने ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडली. पण मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा त्याचा हा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती, त्याच्याजवळ ओळखीच्या रचनांचा साठा होता. मुलांचा साठा लवकर भरतो हे मान्य केले, तरी चव्वेचाळिसाव्या वर्षीही तो भरतोच. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे सोपी कोडी सोडवा, इतकी सोपी की दहापैकी आठ बरोबर यावीत. आणि डाव संध्याकाळी, जेवणापूर्वी खेळा. झोपेचा प्रश्न निम्मा तिथेच सुटेल.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा सुट्टीपासून ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो. हरला की रडतो. परवा त्याने मोबाइल भिंतीवर फेकला. त्याचे बाबा म्हणतात की खेळच बंद करू. तो मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतो. काय करावे? – एक आई, फोंडा

उत्तर : मोबाइल बंद करा, बुद्धिबळ बंद करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागणाऱ्या मुलाला खेळ मनापासून आवडतो आहे आणि हरणे जिव्हारी लागणे हा त्याचाच एक भाग आहे. १ जून २०२५ रोजी नॉर्वेतील स्टाव्हेंजर येथे जगज्जेत्या गुकेशविरुद्ध जिंकत आलेला डाव हातचा गेल्यावर मॅग्नस कार्लसनने टेबलावर मूठ आपटली होती, आणि नंतर आपणही अशी टेबले आपटली असल्याचे गुकेशने सांगितले. हे त्याला सांगा. फेकाफेक चालते असे दाखवण्यासाठी नव्हे, तर हरल्यावर होणारी आग फक्त त्यालाच होते असे त्याला वाटू नये म्हणून. त्यासोबत हेही सांगा, की मूठ आपटल्यावर कार्लसनने गुकेशशी हस्तांदोलन केले.

मोबाइलवर नेमके हेच नसते. समोर माणूस नसतो, डाव संपल्यावर हात मिळवायचा नसतो, मोहरे पुन्हा डब्यात ठेवायचे नसतात. असतो तो फक्त खाली गेलेला आकडा आणि नवा डाव मांडण्याचे बटण. म्हणून निदान दोन महिने त्याला लाकडी पटावर तुमच्याशी, बाबांशी किंवा शेजारच्या मुलाशी खेळू द्या. तुम्हाला खेळ येत नसेल, तर त्यालाच शिकवायला सांगा. शिकवणारा मुलगा हरल्यावर तेवढा चिडत नाही. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला खेळ्या लिहाव्या लागतात, तशी त्यालाही वही द्या. खेळी लिहिण्यासाठी पेन हातात घेताना जो क्षण जातो, तो या वयात फार मोलाचा असतो.

डाव झाल्यावर ‘जिंकलास का?’ हा प्रश्न घरात कोणीही विचारू नये, ही विनंती बाबांपर्यंतही पोहोचवा. त्याऐवजी ‘तुला आवडलेली एक खेळी दाखव’ असे म्हणा. हरलेल्या डावातही ती असते, आणि ती दाखवताना मुलाचा चेहरा कसा बदलतो ते तुम्हाला दिसेल. पुढे मोबाइल द्याल, तेव्हा दिवसाला दोनच डाव ठेवा. लिचेसवर खेळाडूंचे गुण न दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा; तिथे लहान मुलांसाठीची व्यवस्थाही आहे, जिच्यात अनोळखी लोकांशी संदेशांची देवाणघेवाण बंद राहते. एक मिनिटाचे डाव त्याच्या हाती लागू देऊ नका.

त्याला आवडेल अशी एक हकिगतही सांगून ठेवतो. नाशिकचा विदित गुजराथी २०२३ साली आइल ऑफ मॅन इथल्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला होता. स्पर्धा अकरा फेऱ्यांची होती. उरलेल्या दहा फेऱ्यांत तो एकही डाव हरला नाही, साडेआठ गुण मिळवून पहिला आला आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी पात्र ठरला.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. माझे प्रतिस्पर्धी संगणकाची मदत घेत असावेत, असा मला हल्ली सतत संशय येतो आणि खेळावरचा विश्वासच उडाला आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : अशी फसवणूक होते, हे नाकारता येणार नाही. मोठी संकेतस्थळे त्यासाठी डाव तपासतात, दोषी खाती बंद करतात आणि अशा खात्याकडून हरलेल्यांचे गुण परत देतात. संशय आला तर तक्रारीचे बटण दाबा आणि तो विषय तिथेच सोडा, कारण तपासासाठी लागणारी माहिती त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही.

मात्र तक्रार करण्यापूर्वी तो डाव एकदा नीट पाहा. तुम्ही गुण कळवलेले नाहीत, पण शिकाऊ पातळीवरचे माझ्याकडे आलेले असे ‘संशयित’ डाव मी पाहिले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत प्रतिस्पर्ध्याने अलौकिक काही केलेले नव्हते. माझ्या विद्यार्थ्याचा एखादा मोहरा दहाव्या-बाराव्या खेळीला विनाआधार राहिला होता आणि पुढे सगळे सोपे झाले होते. समोरच्याच्या सर्व खेळ्या अचूक दिसल्या, तरी मोहरा जास्त असताना अचूक खेळणे फारसे अवघड नसते. संशयाचा त्रास असा, की तो आला की आपण आपली चूक शोधणे थांबवतो. पुढच्या वेळी संशय येईल, तेव्हा डावाची नोंद उतरवून घ्या आणि तुमच्या महाविद्यालयातल्या, तुमच्यापेक्षा चांगले खेळणाऱ्या एखाद्या व्यक्तीसमोर तो डाव पटावर मांडा. प्रतिस्पर्ध्याचे नाव आणि गुण सांगू नका. फक्त विचारा, की काळ्याचा डाव कुठे बिघडला.